हेडसरांचं अर्धं डोकं

(चष्म्याच्या दुकानातलं आतलं टेबल. दिव्याखाली एका फ्रेमचे दोन तुकडे. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही.)

धाकटी: ते स्क्रूबिक्रू ठेव बाजूला आणि ऐक फक्त. मधे बोलू नकोस, माझा क्रम चुकतो.

चष्मेवाली: टेबलाला टेकू नकोस आधी. स्क्रू उडाला तर तूच शोधायचा. तिळाएवढा असतो.

धाकटी: शोधीन. तर काल शाळेचा समारंभ होता ना...

चष्मेवाली: कसला समारंभ?

धाकटी: अगं, प्रमाणपत्रांचा! शेवटच्या वर्गातनं पास झालेल्यांचा. काळे गाऊन, स्टेज, एकेकाचं नाव पुकारायचं, हातात प्रमाणपत्र, टाळ्या, पुढचा. आणि त्यात आमचा दादा होता!

चष्मेवाली: तुझा दादा? सलूनवाला? तो चौतीस वर्षांचा आहे.

धाकटी: म्हणूनच तर सांगतेय! शाळेनं संध्याकाळचा वर्ग काढला होता ना, मोठ्या माणसांसाठी? दिवसभर उभं राहून लोकांची डोकी भादरायची आणि सात वाजले की शटर ओढून वर्गात जाऊन बसायचं. वर्षभर! अकरा जण बसले होते परीक्षेला, चार पास झाले. तिघांनी आधीच कळवून टाकलं, आम्ही स्टेजवर येणार नाही, कागद घरी पाठवा. राहिला एकटा दादा. बाकी सगळी सतरा-सतरा वर्षांची पोरं.

चष्मेवाली: मग त्यानंही कळवायचं होतं.

धाकटी: तेच तर ना! तो नाही पण म्हणेना आणि हो पण म्हणेना. पंधरा दिवस एकच शब्द. "बघू." वहिनी विचारतेय, बघू. बाबा विचारतायत, बघू. आणि इकडे गुणपत्रिका कुठे ठेवलीये माहितीये? दुकानातल्या मोठ्या आरशाच्या मागे. गिऱ्हाईक गेलं की आरसा पुसायचं निमित्त करून काढतो, वाचतो, परत सरकवतो. त्या आठवड्यात आरसा इतका चकचकीत होता की एकाला स्वतःचे पांढरे केस पहिल्यांदा दिसले, तो भांडून गेला.

चष्मेवाली: म्हणजे जायचं होतं त्याला.

धाकटी: जायचं होतं आणि नव्हतं जायचं. दोन्ही, एकाच वेळी, शंभर शंभर टक्के. अगं, रांगेत त्याचा नंबर बत्तिसावा. एकतिसाव्याचं जावळ दादानं काढलेलं. आणि तेहतिसावी कोण? चावरी!

चष्मेवाली: कोण चावरी?

धाकटी: तीन वर्षांची असताना बटा कापायला आणली होती, ती दादाच्या अंगठ्याला चावली. अजून व्रण आहे. तेव्हापासून तिला दुकानात सगळे चावरीच म्हणतात. आता पहिल्या पाचात आली ती. तिच्या पुढे हा उभा राहणार, गाऊन घालून. गाऊनच्या बाह्या कोपराच्या जेमतेम खाली. दादा म्हणाला, "मी त्यात बाप्यासारखा नाही, छत्रीसारखा दिसतो."

चष्मेवाली: दिसतच असेल.

धाकटी: हसू नकोस ना! बरं, पण खरं कारण हे नव्हतंच. खरं कारण सतरा वर्षांपूर्वीचं.

चष्मेवाली: आता सतरा वर्षं मागे जाणार तू. माझं गिऱ्हाईक चार वाजता फ्रेम न्यायला येणारेय.

धाकटी: दोन मिनिटं! बाबांचा हात थरथरायला लागला तेव्हाची गोष्ट. वस्तरा धरायचाच हात. परीक्षा महिन्यावर आलेली, आणि दादानं दप्तर टाकून कात्री उचलली. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. वर्गातले बाकीचे पास झाले. समारंभाच्या दिवशी सकाळी सगळ्या मित्रांचे केस दादानंच कापले, आणि दुपारी कंगवा खिशात घालून शाळेत गेला. कुणाचा भांग विस्कटला तर नीट करावा म्हणून. मित्रांनी ओढलं त्याला फोटोत. शेवटच्या रांगेत, कडेला. आणि तेवढ्यात एक नवे सर होते, रांगा लावायला नेमलेले. ते म्हणाले, "तू जरा बाजूला हो रे. फक्त पास झालेले."

चष्मेवाली: हं.

धाकटी: ओरडून नाही हां. सहज. जसं आपण म्हणतो, जरा पाय उचल, केर काढायचाय. दादा झाला बाजूला. पण फोटोवाल्यानं घाईत बटण दाबलं आणि त्यात दादाचं कोपर आलं. तो फोटो अजून आहे शाळेच्या जिन्यात. तीस मुलं, पाच शिक्षक आणि एक कोपर.

चष्मेवाली: आणि ते नवे सर?

धाकटी: ते आता हेडसर आहेत.

चष्मेवाली: अरे देवा.

धाकटी: आणि दर तिसऱ्या शनिवारी दादाकडेच येतात कटिंग-दाढीला! पंधरा वर्षं! खुर्चीत बसले, मान मागे टाकली की पाचव्या मिनिटाला घोरतात. एक शब्द बोलणं नाही दोघांचं. उठले की आरशात बघतात, "छान" म्हणतात, जातात.

चष्मेवाली: आणि तुझा दादा काही म्हणाला नाही कधी? पंधरा वर्षांत?

धाकटी: "सर, हलू नका." एवढंच. झोपेत मान कलंडते ना त्यांची. बरं, आता कालचं ऐक. समारंभ चारला. सकाळपासून दुकानात ही रांग! सगळ्या पोरांना समारंभाला कटिंग पाहिजे. दादा खूष, कारण इतकं काम असल्यावर कोण म्हणणार, दुकान बंद कर? अडीचला शेवटचा पोरगा गेला. मी गाऊन हँगरला लावून दारात उभी. म्हटलं, दादा, चल. हा म्हणतो, "एखादं गिऱ्हाईक येईल." अगं, रस्त्यावर उभं राहून बघत होता, कुणाचे केस वाढलेत का! आणि तेवढ्यात पावणेतीनला कोण आलं?

चष्मेवाली: हेडसर.

धाकटी: हेडसर! दादाचा जीव भांड्यात पडला. खुर्ची झटकली, कापड बांधलं, कात्री हातात घेतली आणि मला म्हणाला, "आता कसा येणार? गिऱ्हाईक खुर्चीत आहे. अर्ध्यात सोडून नाही जाता येत." हा त्याचा नियम, माहितीये ना? एकदा शेजारी आग लागली होती तेव्हा पण आधी दाढी पूर्ण केली त्यानं. धूर येतोय आत, आणि हा तुरटी फिरवतोय.

चष्मेवाली: थांब, थांब. समारंभ शाळेचा.

धाकटी: हो.

चष्मेवाली: प्रमाणपत्रं कोण देणार?

धाकटी: हेडसर.

चष्मेवाली: आणि हेडसर तुझ्या दादाच्या खुर्चीत. मग ते गेल्याशिवाय समारंभ सुरूच कसा होईल? चुकवणार काय हा?

धाकटी: हेच! हेच त्याच्या डोक्यातच आलं नाही! त्याला फक्त दिसलं, गिऱ्हाईक! सुटलो! आणि मग असला हळू कापायला लागला की विचारू नकोस. एकेक केस. उचलायचा, बघायचा, विचार करायचा, कापायचा. मी सांगते, तासाभरात त्यानं फक्त उजवी बाजू केली. डावीकडे जंगल, उजवीकडे मैदान. सर आपले घोरतायत. मी दारात गाऊन घेऊन. हात भरून आला माझा, खुणा करून करून दमले. हा बघायलाच तयार नाही.

चष्मेवाली: मग सरांना उठवायचंस ना.

धाकटी: फोनच वाजला त्यांचा! पावणेचार. शाळेतनं. सर दचकून उठले, घड्याळ बघितलं, आरशात बघितलं. आधी चष्मा पुसला, मग परत बघितलं. मग आरशातनंच दादाला म्हणाले, "अरे, तू अजून तयार नाहीस? मी मुद्दाम तुझ्याकडे आलो. म्हटलं, इथूनच बरोबर जाऊ."

चष्मेवाली: अय्या.

धाकटी: दादाचा चेहरा खर्रकन उतरला. "मी नाही येत सर, कागद नंतर नेईन." सर म्हणाले, "का?" दादाची कात्री नुसतीच हवेत, कच कच कच. केस नाहीच त्यात, नुसती वाजतेय. सर म्हणाले, "वयाची लाज वाटते?" "तसं नाही." "मग?" आणि मग दादा इतक्या हळू बोलला, "मागे एकदा गेलो होतो सर. बाजूला हो म्हणाले. फोटोत फक्त पास झालेले. ते अजून... म्हणजे काही नाही, जाऊ दे." सर एकदम ताठ बसले. म्हणाले, "कोण म्हणालं असं? एवढ्याशा पोराला असं म्हणतात? कोण होता तो शिक्षक?"

चष्मेवाली: आणि दादा?

धाकटी: "आठवत नाही" म्हणाला. तोंड फिरवून. ब्रश शोधायला लागला, ब्रश हातातच होता.

चष्मेवाली: बिचारा.

धाकटी: आणि मग... आता तू ओरडशील मला.

चष्मेवाली: काय केलंस?

धाकटी: माझ्या तोंडातनं गेलं. "तुम्हीच, सर!"

चष्मेवाली: तू!

धाकटी: गेलं गं! मी काय ठरवलं होतं का? पंधरा दिवसांचं "बघू", तासभर गाऊन धरून उभी, आणि हे आपले विचारतायत, कोण तो शिक्षक! दादानं असं बघितलं माझ्याकडे की मी गाऊनच्या मागे लपले.

चष्मेवाली: आणि सर?

धाकटी: वळून माझ्याकडे बघितलं. मग दादाला विचारलं, "तुला माहिती होतं? मीच होतो ते?" दादा म्हणाला, "हो." सरांनी गळ्यावरनं हात फिरवला, असा. म्हणाले, "पंधरा वर्षं तू माझ्या गळ्याशी वस्तरा धरतोयस!"

चष्मेवाली: स्क्रू गेला माझा. हसवू नकोस गं!

धाकटी: दादा पण हसला! नको असताना हसला. म्हणाला, "सर, गळ्याशी धरताना मी फक्त दाढी बघतो." सर नाही हसले पण. उठले. स्वतःच कापडाची गाठ सोडली. दादा घाबरला, "सर, बसा, दहा मिनिटांत डावी बाजू करतो, घाईघाईत करतो." सर म्हणाले, "नको. तासाभरात अर्धं केलंस, माझ्या लक्षात आलंय का केलंस ते. मी हा असाच चाललो. चारशे लोक बसलेत तिथे, विचारतील, कुणी कापले. मी सांगेन." आणि निघाले! दार उघडून, रस्त्यावर! उजवीकडनं बघितलं तर हेडसर, डावीकडनं बघितलं तर नुकतंच झोपेतनं उठवलेलं कुणीतरी!

चष्मेवाली: मग दादा?

धाकटी: दादाचा नियम! अर्धं डोकं दुकानाबाहेर पडलं, म्हणजे इज्जतच गेली. कात्री आणि कंगवा घेऊन पळाला मागनं. त्याच्या मागे मी, गाऊन घेऊन. दुकान उघडं, पंखा चालू! सिग्नलला सर थांबले, गाड्या चालल्या होत्या, तेवढ्यात दादानं कानामागनं तीन-चार कच कच मारून घेतले. एक बाई स्कूटरवरनं बघतच राहिली, मागचे हॉर्न वाजवतायत. सर पुढे बघून म्हणतात, "हात काढ." दादा म्हणतो, "सर, कल्ला तरी!" "कल्ला नाही, काही नाही. गाऊन घाल." मी पळता पळता एक बाही चढवली त्याला, दुसरी शाळेच्या फाटकात.

चष्मेवाली: मला हे बघायचं होतं गं. मला फोन का नाही केलास?

धाकटी: हात कुठे होते मला! बरं, हॉलमध्ये शिरलो. सर सरळ स्टेजवर. सगळ्या हॉलमध्ये कुजबुज. पहिल्या रांगेतल्या बायका रुमाल तोंडाला लावून बसलेल्या. आणि सर आपले माईकवर, "प्रिय विद्यार्थ्यांनो," अगदी नेहमीसारखं. दादाला कुणीतरी रांगेत ढकललं, एकतिसावा पुढे, चावरी मागे. पडद्याच्या कडेला. मला म्हणाला होता वाटेत, "मी रांगेत उभा राहतो, पण वर नाही जाणार. नाव घेतलं की मी नसेन तिथं." मागचं दार पण बघून ठेवलं होतं त्यानं.

चष्मेवाली: म्हणजे शेवटपर्यंत बघूच.

धाकटी: शेवटपर्यंत! बाबा सातव्या रांगेत. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले, थरथर दिसू नये म्हणून. वहिनी फोन धरून, व्हिडिओ करायला. शाळेतल्या बाई नावं वाचतायत. तीस. एकतीस. आणि मग दादाचं नाव. पूर्ण. बाबांच्या नावासकट. अगं, माईकवर किती मोठं होतं नाव! आणि कुणीच आलं नाही. बाईंनी परत वाचलं. बाबा मान उंच करून बघतायत. मी बघतेय, पडद्याच्या कडेला त्याचे बूट दिसतायत, जागचे हलत नाहीत. पाऊल एक स्टेजकडे, एक दाराकडे.

चष्मेवाली: मग? बोल ना! आता का थांबलीस?

धाकटी: पाणी दे आधी.

चष्मेवाली: घे. बोल.

धाकटी: मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी मोठं बोलेल. सर काही बोलतील, बाबा उभे राहतील. काही नाही! मागनं चावरी म्हणाली, आणि ती बारीक आवाजात नाहीच बोलत, अख्ख्या हॉलला ऐकू गेलं, "दादा, चला की पुढे! तुमच्यामुळे माझा नंबर अडकलाय!"

चष्मेवाली: हाहा! मग?

धाकटी: मग तो चालायलाच लागला! गिऱ्हाईक खोळंबलंय म्हटल्यावर त्याचे पाय आपोआप चालतात ना! सरळ स्टेजवर. कोपरापर्यंत बाह्या, हातात कंगवा. कंगवा ठेवायचाच राहिला होता! पोरांनी शिट्ट्या मारल्या, सगळी त्यानंच भादरलेली डोकी, बाकं बडवतायत. वहिनीनं व्हिडिओ काढलाय, त्यात फक्त छत दिसतं, ती उड्या मारत होती. आणि बाबांनी मांडीखालनं हात काढले आणि टाळ्या वाजवल्या. मी... जाऊ दे. मला तेव्हा धड दिसतच नव्हतं.

चष्मेवाली: रडलीस.

धाकटी: धूळ असते त्या हॉलमध्ये. पण थांब, संपलं नाही. खरं आता आहे. सरांनी प्रमाणपत्र हातात घेतलं, पण दिलं नाही. माईककडे वळले. म्हणाले, "एक मिनिट. या विद्यार्थ्याच्या बाबतीत मला तुमच्या सगळ्यांसमोर एक कबुली द्यायची आहे. सतरा वर्षांपूर्वी, याच हॉलमध्ये..."

चष्मेवाली: सरांनी? सगळ्यांसमोर?

धाकटी: चारशे माणसांसमोर! आणि मी मनात म्हणतेय, बोला सर, बोला, सगळं बोला, कोपराचं पण बोला! आणि दादा काय करतो? एक पाऊल पुढे टाकतो, माईकवर तळवा ठेवतो, आणि त्याच्या दुकानातल्या आवाजात म्हणतो, "सर, हलू नका."

चष्मेवाली: आणि सर?

धाकटी: थांबले! पंधरा वर्षांची सवय! तोंड उघडं तसंच, मान ताठ, डोळे समोर. दादानं कंगव्याच्या टोकानं त्यांच्या कॉलरवरचे केस झटकले. दोनदा. मग कानाशी वाकून म्हणाला, "राहिलेलं दुकानात बघू, सर." त्यांच्या हातातनं प्रमाणपत्र घेतलं आणि उतरला खाली. मागनं चावरी धावतच वर. तेहतीस!

चष्मेवाली: का पण? का नाही बोलू दिलं?

धाकटी: मी पण हेच विचारलं! घरी येईपर्यंत भांडले त्याच्याशी. म्हटलं, माणूस स्वतःहून माफी मागत होता, तीही माईकवर! सतरा वर्षं तू गिळून बसलास, आम्ही बघितलंय, जिन्यातल्या फोटोखालनं जाताना तू कसा भराभर जातोस ते. दादा म्हणाला, "अगं, आत्ता कुठे मी यादीतला बत्तिसावा झालो होतो. एकतीसनंतर बत्तीस, मग तेहतीस. लगेच कशाला माझी गोष्ट करायची?"

चष्मेवाली: आणि तू इथे बसून त्याचीच गोष्ट करतेयस.

धाकटी: तू काय चारशे जण आहेस का? एकटी तर आहेस! आणि पुढचं ऐक, संध्याकाळी सर आले दुकानात. डोक्यावर टोपी. बसले खुर्चीत. दादानं कापड बांधलं आणि मला म्हणाला, "जा, दोन चहा सांगून ये." मला! बाहेर! मी धावत गेले, धावत आले, चहा अर्धा सांडला, तरी उशीरच झाला. काचेतनं बघितलं, सर बोलत होते. घोरत नव्हते, बोलत होते. खूप वेळ. दादा मान हलवत होता, कापत होता, मधेच थांबत होता. मी आत गेले तेव्हा डावी बाजू झाली होती आणि बोलणंही संपलं होतं. सरांनी आरशात बघितलं, "छान" म्हणाले. आणि जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जरा वेळ.

चष्मेवाली: काय बोलले ते नाही सांगितलं दादानं?

धाकटी: "काही नाही. केसांचं बोलत होतो." बस. आणि आज सकाळी गुणपत्रिका आरशाच्या मागनं काढून पुढे लावली, प्रमाणपत्राशेजारी. गिऱ्हाईक वाचतं बसल्या बसल्या. दादा म्हणतो, "वाचा, पण हलू नका."

चष्मेवाली: बरोबर केलं त्यानं.

धाकटी: बरोबर? म्हणजे मी मूर्ख? अगं, मला ऐकायचं होतं ते! बाबांनी ऐकायला हवं होतं, सातव्या रांगेत बसून, माईकवरनं! रात्री झोपच येईना. एकदा वाटतं, दादाचं बरोबर, एकदा वाटतं, असा कसा हा, हातात आलेलं सोडून दिलं. तू बस बघू नीट. ती फ्रेम ठेव. समज, तू स्टेजवर आहेस, समोर चारशे माणसं, आणि ज्या माणसानं तुला बाजूला हो म्हटलं, तोच माईकवर तोंड उघडतोय. तुझा हात आहे माईकपाशी. खरं सांग, तू काय केलं असतंस?